ज्याची चूक, त्याचं डस्टर

"पुढची ओळ तुझी," सर म्हणाले आणि त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

मी ओळ लिहिली. सर दोन पावलं मागे सरकले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि टेबलावरचं डस्टर उचलून माझ्यापुढे धरलं. काय चुकलं ते सांगायचं नाही, हा त्यांचा नियमच होता. ज्याची चूक, त्यानं डस्टर घ्यायचं, आपल्या हातानं पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. एकाची ओळ दुसऱ्यानं पुसायची नाही. बरोबर असलेली ओळ मात्र जागा लागेपर्यंत तशीच राहू द्यायची.

"उणे चिन्ह राहिलं," मी पुटपुटले.

"राहिलंच. पूस, रेवती."

चुकले की मी रेवती, बरोबर आलं की कुलथेबाई. चार वर्षं रोज दुपारी चार वाजता हा खेळ चालायचा. एक ओळ त्यांची, एक माझी. तासाभरात चार-पाच वाक्यांच्या वर आम्ही बोलत नसू, आणि तरी दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते तेवढंच असायचं.

हे ऐकून कुणी कीव करू नये. मी औशाच्या सोनाराची मुलगी, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून हट्टानं पीएच.डी.ला आलेली. आमच्या विद्यापीठात त्या वेळी सगळा विभाग भट्टीत गोळ्या भाजायचा आणि त्यांची विद्युतवाहकता मोजायचा. त्यांचे घोळके असायचे. ते एकत्र चहाला जायचे, एकमेकांच्या लग्नाला जायचे. थिअरीत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे गाईड डॉ. यशवंत धारूरकर. आम्हाला गच्चीलगतची एक खोली दिलेली होती. तिथे उन्हाळ्यात खडूसुद्धा गरम लागायचा. सर एकटे राहायचे, लग्न केलं नव्हतं, मेसचा डबा खायचे. मीही कॉलनीत एका खोलीत राहून तोच डबा खायची. पण आम्ही कधी एकत्र जेवलो नाही. जेवणाविषयी बोलणंच निघायचं नाही, सगळं बोलणं फळ्यावर असायचं.

फळ्यावर काय असायचं ते सांगते. फार अवघड नाही. एक कण एका खळग्यात आहे असं समजा. खळगा स्थिर असेल तर कण पुढे कसा वागेल ते कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण तो खळगाच वेळेबरोबर खोल-उथळ होत असेल तर? आत्ता कण इथे आहे, मग थोड्या वेळानं तो तिथे सापडण्याची शक्यता किती, हे ज्या सूत्रातून निघतं त्याला आम्ही प्रोपगेटर म्हणतो. तो काढायचा तर वेळेचे बारीक तुकडे करायचे, एका तुकड्यापुरता खळगा बदलत नाही असं मानायचं आणि मग तुकड्याला तुकडा जोडत गुणाकार करत जायचं. फक्त हा गुणाकार पाच त्रिक पंधरा आणि तीन पंचे पंधरा असा नसतो. इथे आधी कुठला तुकडा आणि नंतर कुठला, याला फार महत्त्व आहे. फोडणीत डाळ टाकली काय आणि डाळीवर फोडणी ओतली काय, जिन्नस तेच पण चव वेगळी, तसं.

सरांनी चौतिसाव्या वर्षी, म्हणजे मी शाळेतही नव्हते तेव्हा, याच प्रश्नावर एक शोधनिबंध लिहिला होता. सगळ्या तुकड्यांची आधीच बेरीज करून टाकायची आणि मग एकाच उडीत पलीकडे जायचं, असं एक सुटसुटीत सूत्र त्यांनी दिलं होतं. परदेशी नियतकालिकात छापून आलेला विभागातला तो पहिला निबंध. धारूरकरांचं सूत्र म्हणून चार लोक तरी ते वापरायचे. सरांच्या नावावर नंतर फारसं काही झालं नाही. ते सूत्र फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात त्यांच्या बारीक अक्षरात कायमचं लिहिलेलं असायचं. फळा दहादा पुसला जायचा, तो कोपरा नाही. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत मला त्या प्रकरणात आणखी एक उदाहरण हवं होतं. प्रकरण किरकोळ दिसत होतं, दुसरं कारण नाही. विभागातला एकुलता एक कॉम्प्युटर थिअरीवाल्यांना रविवारी सकाळी मिळायचा. सरांच्या सगळ्या उदाहरणांत खळगा जितक्या वेळात खोल व्हायचा तितक्याच वेळात पुन्हा उथळ व्हायचा. मी म्हटलं, आपण जरा वेगळं करू. एकात खळगा झटकन खोल होईल आणि सावकाश भरेल, दुसऱ्यात सावकाश खोल होईल आणि झटकन भरेल. मग सूत्रात किमती घातल्या, आणि दोन्हीचं उत्तर एकच आलं.

साहजिकच होतं. बेरीज तीच, मग उत्तर तेच. पण त्याच रविवारी तुकड्याला तुकडा जोडून कॉम्प्युटरवर काढलं, तेव्हा पहिल्या खळग्यातला कण एकीकडे निघाला आणि दुसऱ्यातला भलतीकडेच. मला वाटलं प्रोग्रॅम चुकला. पुढच्या रविवारी तो पहिल्यापासून लिहिला. तिसऱ्या रविवारी तुकडे दसपट बारीक केले. कण काही ऐकेनात. सरांच्या सूत्राला आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे कळतच नव्हतं. त्यांची उदाहरणं दोन्ही बाजूंनी सारखी होती, त्यामुळे इतकी वर्षं ते झाकलं गेलं होतं.

त्या सकाळी मी खोलीवर येऊन नुसती बसून राहिले. सर जूनमध्ये रिटायर होणार होते. विभागातल्या लोकांनी निरोप समारंभाच्या पत्रिकेवर ते सूत्र छापायचं ठरवलं होतं. कोपऱ्यातली ती एक ओळ म्हणजे त्या माणसाचं सगळं आयुष्य होतं, आणि तो माणूस म्हणजे त्या गावात माझ्याशी बोलणारा एकमेव माणूस. ती ओळ मी पुसायला लावली आणि तो माणूस गेला तर मी राहणार कुठे, खरं सांगायचं तर मला भीती याचीच होती. सरांचं काय होईल हा विचार त्यानंतर आला.

आणि आणखी एक भीती होती. माझंच चुकलं असलं तर? सरांच्या सूत्रावर मी संशय घेतला होता, एवढं तरी त्यांना कळता कामा नये. म्हणून मी मुंबईच्या डॉ. कुंट्यांना पत्र लिहिलं. कुंटे आणि सर एम.एस्सी.ला एका बाकावर बसणारे. एका परिषदेत कुंटे मला म्हणाले होते, "काही अडलं तर लिही गं, यशवंता काही बोलत नाही, मला माहीत आहे." मी दोन्ही आलेख जोडले, सहा पानं लिहिली आणि ते जाड पाकीट पेटीत टाकलं.

आठवड्याभरात माझ्या खोलीच्या पत्त्यावर कुंट्यांचं कार्ड आलं. दोन ओळींचं. 'तुझं बरोबर आहे. सरांशी बोल.'

तरी मी आणखी तीन दिवस घालवले. रोज चार वाजता खडू हातात घ्यायची आणि दुसरंच काहीतरी लिहायची. त्या तीन दिवसांत विभागाचे शिपाई मैंदर्गेमामा एकदा जिन्यात मला म्हणाले, "आज सर लई खुशीत हायेत बगा. मला बोलावून चहा पाजला. वीस वर्षांत पैल्यांदा." मी हूं म्हटलं आणि वर गेले. माझ्या डोक्यात माझंच चाललं होतं.

एकोणीस मार्चला, मंगळवारी, चार वाजता सर आले. हातात दोऱ्यानं बांधलेला कागदी पुडा होता. तो त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाले, "आज पहिली ओळ तुझी."

मी म्हटलं, "सर, आज सगळ्याच ओळी मी लिहू का?"

"लिही ना."

मी लिहायला लागले. दोन खळगे काढले, एक झटकन खोल होणारा, एक सावकाश. खाली सूत्रात घालून दोन्हीचं उत्तर काढलं. मग तुकडे मांडले. पहिला तुकडा, दुसरा तुकडा, आधीचा उजवीकडे, नंतरचा डावीकडे. त्यांची अदलाबदल केली की मध्ये काय शिल्लक उरतं तेही मांडलं. ते उरणारं पद सरांनी निबंधात एका वाक्यात नगण्य म्हणून सोडून दिलं होतं. पाऊण तास गेला. सर एकदाही डस्टरकडे वळले नाहीत.

"म्हणजे काय झालं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"म्हणजे सर, आधी काय आणि नंतर काय, हे या सूत्राला दिसत नाही. आणि ते दिसलं पाहिजे. सगळं त्यावरच आहे."

"किती वेळा चालवलास प्रोग्रॅम?"

"तीन रविवार."

"तुकडे बारीक करून पाहिलेस?"

"दसपट."

"मग चूक कुणाची?"

"निबंधातल्या तिसऱ्या समीकरणाची," मी म्हटलं.

"समीकरणं चुकत नाहीत, बाई. माणसं चुकतात." ते जरासे हसले. त्यांनी टेबलावरचं डस्टर उचललं, टाचा उंच करून कोपऱ्यापर्यंत हात नेला आणि स्वतःचं सूत्र डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर, नीट पुसून टाकलं. तिथला फळा बाकीच्यापेक्षा काळा निघाला. मला रडू आलं. मी ते गिळलं.

माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारलं, "हे माझ्याआधी कुणाला दाखवलंस का?"

"नाही सर. तुम्हालाच पहिल्यांदा."

किती सहज बोलले मी. पाऊण तास आधी-नंतरवर व्याख्यान दिलेलं, खडूनं बोटं पांढरी झालेली, आणि मी असं बोलले. तेव्हा वाटलं, आत्ताच त्यांनी हातानं आयुष्य पुसलंय, त्यात आणखी कुंट्यांचं नाव कशाला. दया केल्यासारखं वाटलं मला. मनात कुठेतरी हेही होतं की आपण त्यांच्याआधी दुसऱ्याकडे गेलो हे कळलं तर ते आपल्याला जवळ करणार नाहीत.

सर खिडकीशी गेले, डस्टर बाहेर दोनदा आपटून झटकलं. "नक्की?"

"नक्की, सर."

"बरं, रेवती," ते म्हणाले. डस्टर जागेवर ठेवलं, कट्ट्यावरचा पुडा उचलला आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी खडू काढून ठेवला. सर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. मग मैंदर्गेमामांबरोबर चिठ्ठी आली. 'चौथं प्रकरण नव्यानं लिही. तुझ्या निष्कर्षाचा वेगळा निबंध तुझ्या एकटीच्या नावानं पाठव. माझं नाव नको.' त्यानंतर सगळं तसंच चाललं. प्रकरण मी मामांकडे द्यायची, दोन दिवसांत ते तपासून परत यायचं. तांबड्या शाईत, स्वल्पविरामसुद्धा न सोडता. सरांसारखं तपासणारं मला पुन्हा कुणी भेटलं नाही. पण चार वाजता जिन्यात त्यांची चप्पल काही वाजली नाही.

मला आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. म्हटलं, एवढा मोठा माणूस आणि एका सूत्रावरून रुसून बसला. खरं ऐकायची सवय नसेल तर लोकांना शिकवायचं कशाला. रागाचं एक बरं असतं, त्यानं वेळ जातो. त्यानं माझा उन्हाळा गेला. जूनमध्ये निरोप समारंभ झाला, पत्रिकेवर सूत्र नव्हतं. सरांनी तेवढं एकच सांगितलं होतं म्हणे, सूत्र काढा. मी शेवटच्या रांगेत बसले होते. दोन मिनिटं बोलून ते खाली बसले आणि त्याच आठवड्यात धारूरला राहायला गेले. मग ती खोली पूर्ण माझी झाली. चार वाजले की मी खिडकीतून गोळ्या भाजणाऱ्यांचा घोळका चहाला जाताना बघायची. फळ्यावर काही लिहायची इच्छा झाली नाही. एकटीनं कसा खेळायचा तो खेळ?

पुढच्या फेब्रुवारीत माझी व्हायव्हा झाली. परीक्षक म्हणून नेमके कुंटेच आले. धारूरहून सर आले, वाळले होते, नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. प्रश्न झाले, उत्तरं झाली, टाळ्या झाल्या. मग व्हरांड्यात सगळे सामोसे खात उभे असताना कुंटे बशी घेऊन माझ्याजवळ आले.

"छान केलंस हं. मला तुझं ते पहिलं पत्रच फार आवडलं होतं. इतकं आवडलं, की तुला कार्ड टाकलं आणि त्याच दिवशी यशवंतालाही लिहिलं. चांगलं चार पानी."

मी हातातली बशी कठड्यावर ठेवली. "त्याच दिवशी?"

"अगं म्हणजे काय. म्हटलं, तुझं सूत्र गेलं बाबा, पण तुझ्या पोरीनं घालवलं, दुसऱ्या कुणी नाही. तू भाग्यवान आहेस. त्याचं लगेच उत्तर आलं. मला म्हणाला, तिला मी आपणहून काही बोलणार नाही, ती स्वतः येऊन सांगेल, मी वाट बघतोय."

माझं कार्ड सोळा मार्चला आलं होतं. म्हणजे त्यांचं पत्रही त्याच सुमाराला. मैंदर्गेमामांना चहा पाजला तो त्याच दिवसांत. आणि पाऊण तास एकही ओळ न चुकता लिहिल्यावर त्यांनी मला रेवती म्हटलं होतं. सगळं माझ्यासमोर घडलं होतं, रांगेनं, आणि मी त्याचा क्रम आत्ता लावत होते.

व्हरांड्यात सर दिसेनात. मी जिना चढून वर गेले. ते आमच्या खोलीत होते, फळ्यासमोर उभे. फळ्यावर माझी मार्चमधली मांडणी तशीच होती, थोडी धुरकटलेली. कोपरा रिकामा होता.

"सर, तुम्हाला माहीत होतं," मी दारातूनच म्हटलं.

"हो."

"मग विचारलंत कशाला?"

"तू सांगशील म्हणून." ते फळ्याकडेच बघत होते. "कुंट्याला आधी लिहिलंस त्याचं काही नाही गं. मी तुझ्या जागी असतो तर मीही लिहिलं असतं. एवढं मोठं धाडस एकट्यानं कुणी करावं? मला वाटलं, तू म्हणशील, सर, भीती वाटत होती, म्हणून कुंटे सरांना विचारलं. मग मी म्हणणार होतो, बरोबर केलंस."

"मला वाटलं, तुम्ही सूत्रामुळे येणं बंद केलंत."

"सूत्राचं वाईट वाटलं. एक रात्र वाटलं. सकाळी उठून मी पेढे आणायला गेलो. ताजे नव्हते, म्हणून परत दोन दिवसांनी गेलो."

दोऱ्यानं बांधलेला पुडा मला आठवला. कट्ट्यावर ठेवलेला, आणि जाताना उचललेला.

"मी दोनदा विचारलं," सर म्हणाले. "मी एरवी काही दोनदा विचारत नाही."

"चुकलंच माझं, सर. मी खोटं बोलले."

"हो, कळलं ते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "मी यायचा प्रयत्न केला. एकदा अर्धा जिना चढलो होतो. पण खडू तुझ्या हातात दिला आणि तू ओळ लिहिलीस, की चुकली तरी ती प्रामाणिक आहे असं धरूनच मी पुढची लिहायचो. आता प्रत्येक ओळीवर संशय घ्यावा लागला असता. तसा तो खेळ होत नाही, रेवती."

खालून कुंट्यांनी हाक मारली. सरांची धारूरची बस साडेपाचची होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणाले, "प्रबंध उत्तम आहे." मग जिना उतरून गेले. त्यानंतर अकरा वर्षं ते होते. मी दर दिवाळीला पत्र लिहायची, त्यांचं उत्तर यायचं, तब्येत बरी आहे, पाऊस कमी आहे. मी नवीन काही गणित लिहून पाठवलं तर त्याबद्दल मात्र कधी एक अक्षर आलं नाही.

त्या दिवशी ते गेल्यावर मी घड्याळात पाहिलं. पाचला दहा कमी होते. मी टेबलावरचं डस्टर उचललं आणि फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचली. दोन खळगे, तुकडे, आधीचा उजवीकडे, नंतरचा डावीकडे, मध्ये उरलेलं पद. सगळं पुन्हा तपासलं. फळ्यावर जे होतं ते बरोबर होतं. पुसावं असं माझं तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.